मांडवीची कोरडी हवा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
कुरुंदा, २८ मार्च १९७४

सौ. जनकाबाई हिस मुंजाजीचे आशीर्वाद.

तुला गाडीत बसवून दिलं त्या सकाळी मी वसमतहून सरळ घरी आलो नाही. तुझ्या डब्याची खिडकी दिसेनाशी झाली तरी फलाटावर उभाच होतो. हमाल म्हणाला, "काका, गाडी गेली." मी म्हणालो, "व्हय, दिसलं." नळावर पाणी प्यालो आणि एसटीची वाट न बघता पायीच निघालो. पळसाची फुलं गळून गेलेली होती. ऊन आताच डोक्यात उतरायला लागलंय.

गावात न शिरता आधी माळावरच्या खंडोबाला गेलो. गुरव आडवा झाला होता, त्याला उठवलं नाही. देवापुढं बसलो. काय मागायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण बसल्यावर काही मागवेना. शेवटी ताटातला चिमूटभर भंडारा कागदात बांधून घेतला. तोच या पाकिटात आहे. कपाळाला लाव आणि उरलेला उशाखाली ठेव. आपल्याच हळदीचा आहे. या देवाला चार पिढ्या आपल्या घरचा भंडारा जातो, तेव्हा तुझ्या दुखण्याकडे तो पाठ करणार नाही.

हळद काढून झाली. काल कढई चढवली. पहिली पाटी दरवर्षी तू टाकतेस, यंदा तुझ्या नणंदेने, चतुराआक्काने टाकली. टाकताना म्हणाली, "बाई गेली दम्यासाठी, अन् दम ह्याचा गेला. बसून काय राहिलास, जाळ घाल!" आक्काचं तोंड तुला माहीत आहे. भाकरी मात्र दोन वेळा गरम वाढते.

कढईवरचं गोणपाट काढलं की वाफ उठते. त्या वेळी तू पदर तोंडाला धरून मागे सरायचीस. दरवर्षी शिमगा झाला की तुझ्या छातीत शिट्टी वाजायला लागते, ती पार मृग लागेपर्यंत. चुलीच्या धुराने होतं, सगळेच म्हणतात. म्हणूनच तुझ्या भावाने समुद्राकाठी ये म्हटल्यावर मी एका शब्दाने हो म्हणालो. तुझ्याशिवाय हळदीचा हंगाम कधी झाला नाही. लग्नाच्या वर्षापासून आठवून पाहिलं.

नरसिंगरावांना रामराम सांग. तिकडची हवा कशी आहे ते सविस्तर कळव.

मुंजाजी

•

मांडवी (कच्छ), ८ एप्रिल १९७४

राजश्री मुंजाजीराव दाजी यांस नरसिंगचा रामराम.

जनका शेजारी बसून सांगून राहिली आणि मी लिहून राहिलो. तिचं म्हणणं असं की मी मधलं मधलं खातो. म्हणून ती बोलते तसंच उतरवतो.

"घरधनी यांच्या पायावर डोकं. मी खुशाल हाय. आल्यापासून शिट्टी बंद. पयल्या दिवशी मलाच खरं वाटंना. रात्री जागी होऊन ऐकून राहिले, छातीत कायबी न्हाई. मग बाहेर कायतरी वाजून राहिलं ते आयकू आलं. दादाला म्हणलं, हे काय? तर म्हणे समुद्र. तुमी वरीसभर बोलत न्हाई तेवढं ह्यो एका रात्रीत बोलतो.

"समुद्र म्हणजे काय ते सांगता येत न्हाई. आपल्या हिरव्या ज्वारीवरनं वारं गेलं की कशी लाट जाते, तसं. पण त्याला बांध न्हाई. पाणी इतकं अन् प्यायला घोटभर न्हाई. दुष्काळात मी डोक्यावर घागरी वाहिल्या त्या आठवल्या. म्हणलं, देवा, हे कोणासाठी भरून ठेवलं?

"ऊन आपल्यासारखंच, कोरडं. दुपारपस्तोर रानाकडून झळा येतात. वाळूत पाय ठेववत न्हाई. धुणं टाकलं की वळेपर्यंत वाळतं. माठातलं पाणी मात्र गार होतं, गावच्यासारखं. उतरत्या दुपारी वारं फिरतं अन् समुद्राकडून यायला लागतं. तवा समदी रोगी माणसं खाटा बाहेर काढतात. एक बाई हाय अहमदाबादची. तिला मी भाकरी थापून दाखविली. ती म्हणती, तुमच्या हाताला पिवळा रंग काहून? म्हणलं, बाई, हा निघायचा न्हाई, हा घरचा हाय.

"कढईची लई सय येते. वाफेचा वास आठवला की हात आपसूक पदराला जातो. पोतं मधल्या घरात नीट लावा, उंदीर लागतील. आक्काला म्हणावं, ताकात पाणी कमी घाला."

आता माझं. दाजी, मी इथल्या आरोग्यभवनात वीस वर्षं खोल्या सांभाळतो. छातीची माणसं येतात आणि बरी होऊन जातात, ते चैत्र-वैशाखातच. जनकाचा चेहरा आठवड्यात बदलला होता. पण परवा तुमचं पाकीट आलं. तिने कपाळाला लावलं, नाकाशी धरलं, भंडारा लावला, पुडी उशाखाली ठेवली. त्या रात्री धाप लागली. सकाळपर्यंत उशाला टेकून बसली होती. हवा तीच, वारं तेच. तेव्हा हा घरच्या आठवणीचा दमा म्हणायचा. काळजी नसावी.

नरसिंग

•

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
कुरुंदा, १६ एप्रिल १९७४

सौ. जनकाबाई हिस आशीर्वाद.

तुझं बोलणं दादाने बराबर उतरवलं. वाचताना तुझा आवाज आला. आक्काला वाचून दाखवलं, ताकाचं सोडून. तिने विचारलंच, "माझं काय लिव्हलंय?" मी म्हणालो, "नमस्कार लिव्हलाय." म्हणाली, "तिने न्हाई लिव्हला, तू लिव्हलास."

रात्रीच्या धापेचं वाचून कशात जीव लागेना. माझ्या पत्राने तुला त्रास व्हावा हे मनाला बरं वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. या वयात आपली आठवण कुणाला उशाला टेकून बसवते, असं मनात आलं आणि लाज वाटली.

परवा रविवारी नवी हळद दळली. पहिली मूठ देवाला नेली, तळी भरली आणि तुझ्या नावाने भंडारा उधळला. गुरव म्हणाला, आजारी माणसाला ताजा भंडारा धाडा, जुन्याचा जोर गेलेला असतो. म्हणून या वेळी मोठी पुडी ठेवली आहे. रोज सकाळी तोंड धुतल्यावर कपाळाला लाव आणि चिमूट जिभेवर घे. नेमाने कर.

हळद वाळत घातली आहे. अंगण, खळं, ओसरी, सगळं पिवळं आहे. रात्री चांदण्यात बसलो की आपल्या लग्नातला हळदीचा दिवस आठवतो. तुला हळद लावत होते आणि तू खोकत होतीस. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आमची आक्का सगळ्यांत हसून म्हणाली होती, "नवरी लाजायच्या जागी खोकते." तो मांडव, ती गर्दी, सगळं गेलं. खोकला तेवढा आठवणीत राहिला बघ.

आणि बहात्तरचं सालही आठवतं. विहिरीत घागर बुडत नव्हती. लोकांनी हळदीचं बेणं विकून खाल्लं. तू मात्र एका वाफ्याला रोज डोक्यावरून पाणी घातलंस. मी म्हणालो, मरू दे. तू म्हणालीस, "माणसं खडी फोडायला जातील अन् जगतील. ह्याला कोण हाय?" आज शिवारात आपल्या वाणाची हळद आहे ती तुझ्या डोक्यावरच्या त्या घागरींची. देवाने हे पाहिलं नसेल असं मी मानत नाही.

मुंजाजी

•

मांडवी, २५ एप्रिल १९७४

दाजींस रामराम.

घाबरून जाऊ नये म्हणून आधीच लिहितो, जनका आता बरी आहे. पण मधले तीन-चार दिवस वाईट गेले. तुमचं पाकीट पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून धाप सुरू झाली. ओठ निळे पडले. डॉक्टरांना बोलावून सुई द्यावी लागली. त्यांनी विचारलं, काय खाल्लं, कशात काम केलं, धूळ उडाली का? मी म्हणालो, हवा बघता ना कशी आहे, धुळीचा कण दिसत नाही इतकी स्वच्छ. तरी मी रानाकडच्या वाऱ्यालाच दोष देऊन राहिलो. दुसरा कोणाला द्यावा?

एक गोष्ट सांगतो, तुम्हालाच. बरं वाटल्यावर ती मला न सांगता पहाटे उठून गेली. मी मागोमाग गेलो तर समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यात उभी. पदर नाकातोंडाला गच्च बांधलेला आणि हातातून काहीतरी पाण्यात सोडून राहिली होती. हात जोडून पुष्कळ वेळ उभी राहिली. मी आडूनच पाहिलं. समुद्राची ओटी भरली असेल, बायकांचं असतं. 

तिचा निरोप तिच्याच शब्दांत:

"घरधनी यांच्या पायावर डोकं. मी ठीक हाय. पत्र धाडा, पण इथून पुढं पाकीट नको, साधं कार्ड धाडा. पाकीट पोस्टात मागं पडतं अन् कार्ड पुढं येतं, असं ती अहमदाबादची बाई म्हणती. मोठं लिवू नका. दादाचे डोळे दुखतात."

माझे डोळे दुखत नाहीत, पण ती असं लिही म्हणाली.

नरसिंग

•

(कार्ड)
कुरुंदा, १ मे १९७४

सौ. जनकाबाईस आशीर्वाद. तुझ्या म्हणण्याप्रमाणे कार्ड धाडतो. कार्ड पोस्टमन वाचतो, पोस्टमास्तर वाचतो, त्यामुळे लिहिण्यासारखं काही उरत नाही. कार्डात भंडारा ठेवता येत नाही याचा विचार तू केला असशील. हळद वाळली. पिंपात घालून घासणं चालू आहे. ऊन फार. आक्का बरी आहे. तब्येतीला जपावे. मुंजाजी

•

मांडवी, ७ मे १९७४

दाजींस रामराम. आज जनका फार बोलण्याच्या भरात आहे. घ्या.

"घरधनी यांच्या पायावर डोकं. कार्ड मिळालं. तुमी रागावलेले दिसता. अक्षर दाबून लिव्हलंय, दादानं बोट फिरवून दाखविलं. रागावा, पण बरे राहा.

"मी काल नदीच्या तोंडापस्तोर चालत गेले. तिथं लाकडाची जहाजं बांधून राहिलेत. उघड्यावर, आपण बैलगाडी बांधतो तशी. एक बुवा फळीला फळी लावून मधी कापूस ठोकून भरून राहिला होता. मी म्हणलं, बाबा, पाणी आत येत न्हाई? त्याला माझी बोली समजंना अन् मला त्याची. पण दोघं हसलो. येताना उंटाच्या सावलीतून आले. लई उंच असतो वो.

"इतकं चालून दम लागला न्हाई. ऊन डोक्यावर, वाळू तापलेली, ओठ कोरडे पडलेले, पण छाती मोकळी. मला आठवत न्हाई मी अशी कधी चालले होते. लहानपणी चालले असंन, लग्नाआधी.

"हे सुख एकलीनं घेऊन राहिले याचं वाईट वाटतं. संध्याकाळी वारं फिरलं की वाटतं, तुमी बाजूला बसावं. बोलू नका, नुसतं बसा. बोलायला समुद्र हाय.

"आंबे उतरविले का? शिरड शहापूरच्या लेकीलाबी धाडा."

दाजी, कार्ड आलं त्या रात्री ती सकाळपर्यंत झोपली, एकदा कूस बदलली नाही. आता कामाचं. डॉक्टर म्हणतात, ही कोरडी हवा फार तर जेठाच्या मध्यापर्यंत. पुढे वारं समुद्राचंच राहतं, दिवसभर ओलं. भिंती पाझरतात, मीठ दगड होतं. ती हवा दम्याला आगीसारखी. मृगाच्या तोंडाला आमच्याकडचे सगळे रोगी घरी जातात. जनकालाही जावं लागेल. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "व्हय, घरी जायचंच हाय." आणि मग दिवसभर किनाऱ्यावर जाऊन बसली. काहून ते तुम्हाला ठाऊक असेल तर बघा.

उद्यापासून रेल्वेचा संप म्हणतात. हे पत्र कधी पोचेल देव जाणे.

नरसिंग

•

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
(कार्ड)
कुरुंदा, १८ मे १९७४

सौ. जनकाबाईस आशीर्वाद. पत्र आज मिळालं. आक्काला वाचून दाखवलं. ती हळद निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाकीट धाडलं की आजारी, कार्ड धाडलं की बरी. तुझ्या लिव्हण्यात खोट न्हाई रे, तू त्यात काय घालतो ते बघ." तिने गमतीने म्हटलं. मी हातातली पाटी खाली ठेवली. आता एकच विचारतो, पोस्टमन वाचो नाहीतर सगळं गाव वाचो. तुझी धाप चुलीच्या धुराची नव्हे, हळदीची आहे का? तू त्या पहाटे समुद्रात काय सोडलंस? खरं सांग. देवाची शपथ घालत नाही, तुझ्यावर सोडतो. मुंजाजी

•

मांडवी, २७ मे १९७४

"घरधनी यांच्या पायावर डोकं.

"दादाला म्हणलं, आज एकबी शब्द खाऊ नको अन् मधी बोलू नको. तो हो म्हणलाय.

"व्हय. हळदीचीच.

"मला लग्नाच्या हळदीपासून ठाऊक हाय. तवा लेकरू होते, म्हणलं असंन काही. मग पयला हंगाम आला. कढईची वाफ आली की गळा धरायचा. पिंप फिरायला लागलं, पिवळी धूळ उडाली की छाती बंद. चुलीजवळ मी रोजच असते, सैपाकाच्या धुरानं मला कधी काही झालं न्हाई. पण तुमच्या आईनं माझ्या हातात पयली पाटी दिली, अन् म्हणल्या, 'ह्या घरची सून पाटी टाकती, मग देव भंडारा घेतो.' त्यांना मी काय सांगू, की देवाचा भंडारा मला सोसत न्हाई? कोणी म्हणलं असतं, हिच्यात काय खोट हाय? कोणी म्हणलं असतं, देवच हिला लावून घेत न्हाई. मलाबी तसंच वाटायचं. अजून वाटतं. म्हणून धूर म्हणलं. धुराला जात न्हाई अन् देव न्हाई, त्याच्यावर कायबी टाकावं.

"दुष्काळात बेणं जगविलं ते तुमी लिव्हलं, वाचून मला रडू आलं. लोकं म्हणतात लई चांगलं केलं. खरं सांगू? तवा मला वाटलं होतं, हळद मेली तर मी सुटंन. त्याच रात्री इतकी भ्याले की सकाळी घागर घेऊन गेले. रोज गेले. देवाला दाखवत होते की मी तसली न्हाई.

"तुमचं पयलं पाकीट आलं तवा मनात आलं होतं. पण म्हणलं, देवळातला भंडारा हाय, हा कसा बाधंल? दुसरं आलं, जिभेवर घ्या म्हणून लिव्हलेलं. घेतला. मरता मरता वाचले. तुमी इतक्या मायेनं बांधून दिलेलं, फेकू कशी? म्हणून समुद्रात सोडला. पाणी हातभर पिवळं झालं, लाट आली अन् गेलं. म्हणलं, देवा, इतक्या मोठ्या पाण्यात तुला ठेवते, माझ्यावर रागावू नको.

"आता मी सांगते ते ऐका. हळद मोडू नका. चार पिढ्यांची सेवा माझ्या छातीपाई तुटली तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई. मी शिमग्याला दरवर्षी इकडं येत जाईन, दादा न्हाई म्हणत न्हाई. मृगाला घरी येईन. मधल्या घरात पोती असतात तवा मी ओसरीत निजंन. इतकी वर्षं निभलं, आणखी निभंल.

"हवा बदलून राहिली. कालपासून सकाळचं वारंबी समुद्राचंच हाय. मीठ ओलं झालं.

"तुमच्यापासून लपविलं, ते पोटात घाला."

एकही शब्द खाल्ला नाही. दाजी, संप मिटला म्हणतात. मी आणून सोडू का, कळवा. लवकर.

नरसिंग

•

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
कुरुंदा, ३ जून १९७४

सौ. जनकाबाई हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी हाती आलं. हळद मोडू नका म्हणालीस. उशीर झाला. कार्ड पोस्टात टाकलं त्याच दिवशी मी कामाला लागलो होतो. उत्तराची वाट बघितली नाही, कारण कार्ड लिहिता लिहिताच उत्तर कळलं होतं.

आधी देवाकडे गेलो. आक्का म्हणाली, कौल लाव. मी लावला नाही. देवाला लावलेली पाकळी डावीकडे पडून त्याने नको म्हटलं असतं तर मी काय ऐकणार होतो? जे ऐकायचं नाही ते देवाला विचारून त्याला अडचणीत का टाकायचं? नुसता बसलो. मार्चमध्ये बसलो होतो तेव्हा मागायचं ते सुचलं नव्हतं, या वेळी सांगायचं ते सुचलं. म्हणालो, तुझ्या घरची सून तुझ्या भंडाऱ्याने गुदमरते हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मला आता कळलं. तू इतकी वर्षं गप्प राहिलास, आता थोडे दिवस आणखी गप्प राहा. बाहेरच्या झाडाची पानंसुद्धा हलली नाहीत. मला तेवढं पुरलं.

बेणं खालच्या आळीतल्या माणिकराव भावजींना दिलं. निवडलेले सगळे गड्डे, दुष्काळात तू जगवलेल्या वाणाचे. गाडी भरताना चार माणसांत ते म्हणाले, "मुंजाजी, बायकोच्या नाकापाई देव सोडून राहिला काय?" मी म्हणालो, "देव माळावर हाय, भावजी, कुठं गेला न्हाई. हळद तुमच्या रानात चालली. ह्या साली भंडारा तुमच्या घरचा." ते म्हणाले, "पण पाटी सून टाकते, तो नेम?" तेव्हा आक्का ओसरीवरून ओरडली, "तुझ्या सुनेला आधी विचार तिला शिंका येतात का! मग पाटी दे." लोक हसले. गाडी गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी पाहिली. रडलो नाही, पण डोळ्यात काही गेलं नव्हतं असंही नाही.

कढईही दिली. खळं नांगरून टाकलं, तिथे मूग टाकीन. मधल्या घरातली पोती हिंगोलीच्या बाजारात गेली. घर रिकामं केल्यावर भिंतीकडे पाहिलं तर कमरेइतकी पिवळी. इतकी वर्षं तू त्या भिंतीला पाठ लावून निजत होतीस. सगळं खरवडलं, चुन्याने रंगवलं, जमीन उकरून नवी माती घालून सारवली. चुन्याचा वास जावा म्हणून दारं उघडी ठेवली आहेत. फडताळातला हळदीचा डबासुद्धा आक्काने शेजारी दिला. तीन दिवस पांढरं वरण खाऊन राहिलो. आक्का म्हणते, "सोयऱ्याच्या सुतकात बसल्यासारखं वाटतं, पण पोटाला बरं हाय."

तू लिहिलंस की देव मला लावून घेत नाही. इतक्या वर्षांत मी देवाजवळ पुष्कळ बसलो, पण त्याच्या वतीने कधी बोललो नाही. आज एकदाच बोलतो. ते खोटं आहे. दुष्काळात हळद मेली तर सुटेन असं मनात आलं आणि तरी तू घागर उचललीस, त्याहून मोठी सेवा या घराण्यात कुणी केली असेल असं मला वाटत नाही. मी रविवारी देवळात जाईन, पायरीवरून हात जोडीन, बेल वाहीन आणि विहिरीवर हातपाय धुऊन घरी येईन. पोटात घालायचं म्हणशील तर मलाच घालायचं आहे. खोकला ऐकू येत होता. मी तो हंगामाचा आवाज समजलो.

नरसिंगरावांनी तुला आणून सोडू नये. मीच येतो. हे पत्र आज टाकतो आणि परवाच्या गाडीने वसमतहून निघतो, म्हणजे पत्र थोडं पुढे आणि मी मागे. हवा ओली झाली असली तरी एक संध्याकाळ मला दे. वारं फिरतं ते बघू. मी बोलणार नाही.

जुन्या कपड्यांना कितीही धुतलं तरी वास जात नाही. म्हणून नवं धोतर, नवा सदरा आणि नवा रुमाल घेतला आहे, गाडीत बसायच्या आधी स्टेशनच्या नळावर अंघोळ करून तोच घालीन. आरोग्यभवनाच्या दारात ओळखलं नाहीस तर हाक मारीन.

हे पाकीट आहे, कार्ड नाही. घरात एक कणही उरला नाही, मग नव्या सारवलेल्या जमिनीवर बसून, हात दोनदा धुऊन हे लिहिलं. आत कागदाशिवाय काही नाही. पदर बांधू नकोस. पत्र कपाळाला लाव आणि पहिल्या वेळेसारखं खुशाल नाकाशी धर.

मुंजाजी